अळ्या आणि घरचं टोपलं

आमच्या घरामागे सांदवाडीत पत्र्याखाली प्लॅस्टिकचे टब मांडलेले आहेत आणि त्यांत अळ्या आहेत. नवीन माणूस घरी आला की मी हे आधीच सांगून टाकते. एकदा न सांगता विहीणबाईंना हात धुवायला मागे पाठवलं होतं. त्या अजूनही आमच्याकडे आल्या की पुढच्याच नळावर हात धुतात.

अळ्यांचं खूळ आमच्या ह्यांचं. कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा पहिले काही महिने त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातली मांडणी बदलण्यात घालवले. तिखटाचा डबा कुठे आणि हळदीचा कुठे, हे मला माझ्याच घरात विचारावं लागायचं. मग मी म्हटलं, तुम्ही बाहेरचं काहीतरी बघा. तर त्यांनी कोंबड्या आणल्या. कोंबड्या आल्या म्हणून खाद्य आलं, आणि खाद्य फार खातात म्हणून हे इथल्या कृषी विद्यापीठात कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन बसले. परत आले ते हातात एक भोकं पाडलेली डबी घेऊन. मला वाटलं पेढे असतील.

"उघडू नोको," हे म्हणाले. "अळ्या हायेत."

"काहून?" मी विचारलं.

"कोंबड्यायसाठी. तुह्या दुकानातला सडका भाजीपाला ह्या खातीन, अन् यायले कोंबड्या खातीन."

अकोल्यात जठारपेठेत माझं भाजीचं दुकान आहे. एक गाळा, पुढे दोन फळ्या आणि वर ताडपत्री, एवढंच. पण मी ते बरीच वर्षं चालवते आणि माझी गिऱ्हाइकं दुसरीकडे जात नाहीत. माल सगळा माझ्या दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. मूर्तिजापूरच्या पुढे आमचं गाव आहे, तिथे त्याचं वावर आहे. पहाटे तोडलेला माल मालवाहू ऑटोतून सकाळी माझ्याकडे येतो. बाकीचा तो अमरावतीच्या बाजारात पाठवतो. माझ्याकडे किती आणि अमरावतीला किती, यावरून आम्हा दोघांचं दर हंगामात वाजतं, पण मी कधी दुसऱ्याचा माल विकला नाही आणि त्याने अकोल्यात दुसऱ्या कोणाला दिला नाही.

दुकान म्हटलं की उरलंसुरलं असतंच. पालकाची पिवळी पानं, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, देठं, फुटलेले टमाटर, फूलगोबीचा पाला. हे सगळं आधी दुकानाच्या कोपऱ्यात साचायचं, मोकाट गाई ओढून न्यायच्या, राहिलेलं घंटागाडीत जायचं. आता हे रोज संध्याकाळी सायकलला दोन बादल्या लटकवून येऊ लागले. कचेरीत असताना कधी दुकानाची पायरी न चढलेला माणूस माझ्या कचऱ्यासाठी वेळेवर हजर! बाजूचा फळवाला हसायचा. मीही हसायचे.

पण काम त्यांनी नीट शिकून घेतलं होतं, हे कबूल करायला हवं. ही माशी आपली घरातली माशी नव्हे. काळी, लांबोडकी असते आणि गांधीलमाशीसारखी दिसते, पण चावत नाही आणि ताटावर येऊन बसतही नाही. पंख फुटले की ती जवळजवळ काही खातच नाही, सगळं खाणं अळीपणीच उरकून घेते. आमच्या लग्नातली मच्छरदाणी माळ्यावर पडून होती, तिचा ह्यांनी पिंजरा केला आणि उन्हात उभा केला. त्यात माशा सोडल्या, खाली कुजक्या भाजीच्या वासाचं पाणी ठेवलं आणि वर लाकडाच्या पट्ट्या दोरीने बांधून ठेवल्या. पट्ट्यांच्या फटीत माशी अंडी घालते. अंडी फुटली की पिल्लं आधी ओल्या कोंड्यावर आणि जरा धरल्यावर टबात. भाजीपाला बारीक चिरून, कोंडा मिसळून, मुठीत दाबला तर पाणी टपकणार नाही इतपत ओला करून टाकायचा. ह्यांनी आयुष्यात भाजी चिरली नव्हती. आता माझी विळी मागे गेली आणि मी नवीन आणली.

अळ्या खातात ते बघण्यासारखं असतं. संध्याकाळी टाकलेला ढीग सकाळी खाली बसलेला असतो. टबाजवळ कान नेला तर बारीक करकर ऐकू येते, कढईत मंद आचेवर पोहे भाजल्यासारखी. हात घातला तर आत गरम लागतं. पुरेशा मोठ्या झाल्या की त्या पांढऱ्याच्या तपकिरी होतात, खाणं सोडतात आणि कोरडी जागा शोधत वर चढायला लागतात. टबाला एक तिरकी फळी लावलेली असते, तिच्यावरून चढतात आणि वरच्या टोकाला टांगलेल्या बादलीत टपकतात. कोणी पकडायला नको, गाळायला नको. कोंबड्यांना ही फळी इतकी पाठ झाली आहे की त्या सकाळी बादलीभोवती रेशनच्या दुकानासारखी रांग लावतात, फक्त रांगेने उभ्या राहत नाहीत. ज्यादा निघाल्या तर पत्र्यावर वाळवून डब्यात भरायच्या. अकोल्याच्या उन्हात वाळवणाला काही तोटा नाही. मी एकच नियम केला, माझे पापड-कुरडया गच्चीवर आणि ह्यांच्या अळ्या खालच्या पत्र्यावर. तो नियम अजून मोडलेला नाही.

वासावरून शेजारच्या खालांनी सुरुवातीला भिंतीवरून आवाज दिला होता. "भाभी, ये क्या सडा के रखा है?" वासाचं त्यांचं खरंच होतं, तेव्हा ह्यांच्या हातून पाणी जास्त व्हायचं. नंतर कोंडा वाढवला आणि वास गेला. मग खालांकडे अंडी जाऊ लागली. त्या अंड्यांचा बलक असा नारिंगी की त्यांनी पहिल्यांदा फोडल्यावर मला बोलावून दाखवला. त्यानंतर भिंतीवरून तक्रार आली ती फक्त या आठवड्यात अंडी कमी का म्हणून.

आणि मी खरं सांगते, मला त्या अळ्या आवडायला लागल्या. भाजीवाल्या बाईला भाजी सडताना बघवत नाही. दादा पाणी देतो, वहिनी निंदणी करते, कोणीतरी पहाटेच्या गारठ्यात तोडतं, आणि इथे ती कोपऱ्यात चिखल होऊन पडते, याचं मला कायम वाईट वाटायचं. आता तिचं निदान अंडं होत होतं. खाली राहिलेला काळा भुगा मी कुंड्यांना घालायचे. सकाळी चहाच्या आधी मी मागे एक चक्कर टाकायला लागले. हे म्हणायचे, "कोनाचं खूळ अन् कोनाले लागलं!"

मग थंडीत फूलगोबी सुरू झाली.

दादाची गोबी म्हणजे पांढरीशुभ्र, घट्ट, एक डाग नाही. मी फळीवर मांडली की रस्त्याने जाणारी बाई थांबायची. पाला पुष्कळ निघायचा, बादल्या भरभरून मागे जायच्या. एका सकाळी मी मागे गेले तर हे टबापाशी उकिडवे बसलेले. करकर नव्हती. बारक्या, अजून पांढऱ्याच असलेल्या अळ्या टबाच्या भिंतीवर चढून आल्या होत्या. ज्यांचं चढायचं वय नव्हतं त्या पळायला निघाल्या होत्या. बऱ्याच तिथेच लुळ्या पडल्या होत्या आणि खालच्या हलत नव्हत्या. कोंबड्या बादलीपाशी येऊन वाट बघत होत्या. ह्यांनी त्यांना हाकललं आणि सगळा टब खड्ड्यात पुरला.

"गारठा लागला असन," हे म्हणाले. मग म्हणाले, पाणी जास्त झालं असेल. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुह्या सैपाकघरातलं खरकटं येते ना त्यात, फोडनीचं मीठ लागलं असन."

मीठ! माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आजपासून माझ्या स्वयंपाकघराचं वेगळं आणि दुकानाचं वेगळं ठेवा, मग कळेल कोणाच्या मिठाने काय होतं ते. त्यांनी तसंच केलं. घरातली सालं, देठं, उरलेलं अन्न एका लहान टबात. दुकानातलं मोठ्या टबात, नवीन अळ्या घालून.

मोठा टब पुन्हा मेला. लहान टबातल्या माझ्या मिठाच्या अळ्या धष्टपुष्ट होऊन फळी चढल्या.

मी जिंकले होते, म्हणून तोंड सोडायला मागे गेले. लहान टबात सकाळीच टाकलेला गोबीचा पाला होता, अळ्या त्याला चिकटून खात होत्या. मोठ्या टबातही गोबीचाच पाला होता. दोन्ही गोबी दादाच्या, एकाच वावरातल्या. मी तोंड उघडलं आणि तसंच बंद केलं, कारण एकाच वावरातल्या असल्या तरी त्या एकाच ओळीतल्या नव्हत्या.

हे जरा सांगायला हवं. भाजी पिकवणाऱ्या आमच्यासारख्या घरांत विहिरीजवळ, पहिल्या पाण्याच्या तोंडाशी, काही ओळी घरच्यासाठी असतात. त्यांना 'घरचं' म्हणतात. घरच्या ओळींवर फवारा मारत नाहीत. गोबीला अळी लागली तर लागली, हाताने काढायची. वांग्याला भोक पडलं तर तेवढं कापून टाकायचं. हे कोणी कोणापासून लपवत नाही आणि याबद्दल कोणी बोलतही नाही. आई कधी बाजाराच्या ओळीतलं तोडायला निघाली तर बाबा म्हणायचे, "तिकडचं नोको तोडू, ते बाजाराचं हाय." मी हे ऐकतच मोठी झाले.

माझं लग्न झालं तेव्हापासून त्या घरच्या ओळींतलं एक टोपलं अकोल्याला यायचं. आधी बाबा पाठवायचे, मग दादा पाठवू लागला. दुकानाच्या मालाबरोबरच यायचं, पण वेगळं, वरून जुन्या लुगड्याचा तुकडा गाठ मारून बांधलेला. सगळ्या भाज्या थोड्या थोड्या, वेड्यावाकड्या, भोकं पडलेल्या. त्या टोपल्यातल्या भाजीवरच आमचा स्वयंपाक व्हायचा. तोवर दुकानातली भाजी माझ्या चुलीवर कधी चढल्याचं मला आठवत नाही. टोपलं परत जाताना रिकामं जात नाही, ही पण रीत. मी त्यात लिंबं घालायची, कधी चिवडा, कोंबड्या आल्यापासून अंडी. आई-बाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे ते टोपलंच होतं. दादा काही ऊठसूट फोन करणारा माणूस नाही.

मी ह्यांना म्हटलं, अजून एकदा करून बघा, माझ्यासमोर. दोन सारखे टब घेतले, एकाच खेपेच्या अंड्यांतल्या अळ्या वाटून घातल्या. एका टबात दुकानातली गोबी, एका टबात टोपल्यातली. पाणी, कोंडा सगळं सारखं, सावली सारखी. ह्यांनी दुकानातली गोबी धुऊनसुद्धा घेतली. सकाळी एक टब करकरत होता आणि एक नव्हता.

मी हात धुतले आणि दादाला फोन लावला. तो वावरातच होता, मागे मोटरचा आवाज येत होता.

"दादा, गोबीवर काय मारून राहिला?"

"औषध. काहून?"

"कोनतं?"

"दुकानदारानं देल्लं ते. काहून पन?"

"यायच्या अळ्या मेल्या ते खाऊन."

दादा मनापासून हसला. "अवं बाई, अळ्या माराचंच तं औषध हाय ते! अळ्या मेल्या म्हंजे माल खरा निघाला. यंदा लय जनाईले नकली भेटलं."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी विचारलं, "फवारल्यावर किती दिसानं तोडतं?"

"थांबा लागते, असं म्हनतात. पन गोबी थांबते का? फुटून जाते, पिवळी पडते. अन् बाजार असला तं तोडाच लागते."

"अन् खानारे मानसं?"

"मानसं का अळ्या हायेत? अन् गोबीत अळी निघाली तं गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारते म्हनून तूच तं सांगतं मले."

तेही खरं होतं. मी म्हटलं, "मंग घरच्या गोबीवर काहून नाई मारत?"

पलीकडे मोटर चालूच होती.

"ते घरचं असते," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

मला रडू आलं नाही, मला राग आला. दादावर आला, पण नुसता त्याच्यावर नाही. आम्हा सगळ्यांनाच जे माहीत होतं ते सांगायला ह्यांच्या अळ्या मराव्या लागल्या, याचा राग आला. हे मला समजवायला लागले. "भावाशी भांडू नोको. मंडईतून दुसऱ्याचा माल घे." दुसऱ्याचा म्हणजे कोणाचा? ज्याच्या त्याच्या विहिरीजवळ घरच्या ओळी वेगळ्याच असणार. मंडईतला माल घेतला असता तर फरक एवढाच, की तो कोणाचा ते मला ठाऊक नसतं. दुकान बंद करणं मला परवडणारं नव्हतं आणि मी ते केलंही नाही. गिऱ्हाइकांना मी सांगायला लागले, मिठाच्या पाण्यात ठेवा, दोनदा धुवा. बायका माझ्याकडे काळजीने बघायच्या, हिला बरं नाही की काय म्हणून.

मग मी ठरवलं ते एवढंच की जे दुकानात विकते तेच घरात शिजवायचं. आणि पुढचं टोपलं आलं तेव्हा गाठ न सोडता ते ऑटोत परत ठेवलं.

ऑटोवाला म्हणाला, "बाई, हे तं भरलंच हाय."

"हाव. तसंच ने."

तो दोन्ही घरं ओळखणारा. त्याने माझ्याकडे पाहिलं, टोपल्याकडे पाहिलं आणि गाडी चालू केली. ऑटो वळला तेव्हा मला वाटलं, धावत जाऊन थांबवावं. आईच्या लुगड्याचा तुकडा होता वर. मी गेले नाही.

घरी दुकानातली गोबी शिजवली. ह्यांना सांगितलं, ही तिकडची आहे. मनात नसेल तर वरण आहे. ह्यांनी मुकाट्याने खाल्ली आणि म्हणाले, "मीठ बरोबर हाय." तेवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांना बऱ्याच गोष्टी माफ केल्या आहेत.

दुकानाचा माल येत राहिला, पण त्यासोबत टोपलं येईना. काही दिवसांनी ऑटोवाल्याने निरोप आणला. बिचारा मान खाली घालूनच बोलला. "दादा म्हनते, टोपलं नसन पाहिजे तं दुकानाचा मालही नोको. सोमवारपासून सगळा अमरावतीले जाईन." मी म्हटलं, बरं. गल्ल्यावर बसले आणि दिवसभर सगळ्यांशी भांडले. फळवाल्याशी तर विनाकारण भांडले. दुकानाचं काही ना काही झालं असतं. पण दादाचा माल एकदा बंद झाला की आमचं येणं-जाणं कशावर चालणार होतं? पन्नाशी उलटलेल्या बाईला माहेर तुटायची भीती वाटते हे सांगायला लाज वाटते, पण मला ती वाटत होती.

रविवारी दादा स्वतःच आला. एसटीने आला, खांद्यावर टोपलं. रागावलेला असला की तो पुढच्या दाराने येत नाही, बाजूच्या बोळाने थेट मागे जातो, लहानपणापासून. मागे हे टबात कोंडा कालवत होते. दादाने टोपलं खाली ठेवलं आणि टबांसमोर उभा राहिला. अळ्या त्याने आयुष्यभर मारलेल्या, पाळलेल्या पहिल्यांदाच बघत होता.

"ह्याच का त्या?" त्याने विचारलं.

"ह्या त्यायच्या नंतरच्या," हे म्हणाले. "त्या मेल्या."

हे टोमणा मारत नव्हते, त्यांना फक्त नोंद बरोबर हवी असते. दादा वाकून बघत राहिला. फळीवरून एक अळी चढून बादलीत पडली, कोंबडीने मान घातली. दादाच्या तोंडावर जरा हसू आलं आणि त्याने ते परत घेतलं.

मी पानं वाढली. मुद्दाम गोबीच केली होती, तिघांनाही तीच, आणि बाजूला वरण-भात. दादा पानावर बसला, भाजीकडे बघितलं.

"टोपलं तं तुनं परत केलं. हे कोनतं मंग?"

"तुहंच. दुकानातलं. परवा आलेलं."

"तू हे खातं?"

"टोपलं गेल्यापासून हेच खाऊन राहिलो आमी."

त्याला ते खरं वाटलं नाही. मी खाली बसले, पोळीचा तुकडा मोडला आणि भाजीला लावला. तेवढ्यात त्याचा हात माझ्या ताटावर आला. पंजा उघडा करून त्याने भाजी झाकलीच. भाजी गरम होती, चटका बसला असणार, पण हात त्याने काढला नाही.

"नोको खाऊ, बाई," तो म्हणाला.

हे जेवायचे थांबले. मी हातात तुकडा तसाच धरून बसले. मी सकाळपासून एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, की जे तू मला खाऊ देत नाहीस ते मी लोकांना कसं विकू. ते बोलायची आता गरजच राहिली नव्हती. दादाचे डोळे भरले होते आणि तो माझ्याकडे न बघता ताटाकडे बघत होता. मलाही मग रडू आलं. कोणीच कोणाला समजावलं नाही. ह्यांनी उठून ताटं बाजूला केली, वरण-भात वाढून आणला, आणि आम्ही तो खाल्ला.

जेवण झाल्यावर दादा पुन्हा मागे गेला. ह्यांच्याशी त्याचं बराच वेळ बोलणं चाललं होतं. मी भांडी घासत ऐकत होते. माझ्या वाट्याच्या ओळी वेगळ्या काढायच्या, फवारा कमीत कमी, आणि मारलाच तर तोडायच्या आधी थांबायचं. किती थांबायचं ते दुकानदाराने सांगितलेलं धरायचंच, पण वर अजून एक. आधी गोबीचे दोन-चार गड्डे ऑटोतून पाठवायचे, ते हे अळ्यांना घालणार, आणि सकाळी अळ्या खात असल्या तरच तिकडे तोडणी करायची. हे त्याला म्हणाले की याने सगळंच कळतं असं नाही, प्रत्येक औषध अळीला कळेलच असं काही नसतं. दादा म्हणाला, "असू द्या. काईतरी तं कळन."

आता असंच चालतं. दुकानातली गोबी पहिल्यासारखी शुभ्र नसते. थांबावं लागतं म्हणून कधी जरा पिवळसर होते, फुटते, कधी आत अळी निघते. काही गिऱ्हाइकं पुढच्या दुकानात गेली. काही कुरकुर करत अजून घेतात, एक बाई तर अळी निघाली की मला आणून दाखवते, मी ती कागदात बांधून कोंबड्यांसाठी ठेवते. अमरावतीचा माल अजून तसाच जातो. तिथे कोण खातं ते दादाला दिसत नाही आणि मी ते त्याला फोनवर दाखवायचा प्रयत्न करते, त्यावरून आमचं वाजतं. वेगळं टोपलं आता येत नाही. त्या दिवशी आणलेलं दादा इथेच ठेवून गेला, त्यात आम्ही अंडी ठेवतो.

पण फोन येतो. पूर्वी महिना महिना न करणारा माणूस गड्डे पाठवले की दुसऱ्या दिवशी सकाळी, माझा चहा व्हायच्या आत, करतो. कशी आहेस, काय चाललंय, असलं काही विचारत नाही. मोटरचा आवाज येतो आणि तो म्हणतो, "जित्या हायेत का?"

मी फोन कानाला लावूनच मागे जाते. टबापाशी वाकते, करकर ऐकते, मग सांगते, "हाव दादा, जित्या हायेत."

"मंग जेवजो तू," दादा म्हणतो आणि फोन ठेवतो.